पोरं म्हणतात पुण्याला या. खरं जायचं कोण?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कट्ट्यावर गेले काही महिने एकच विषय घोळतोय, म्हणून तो इथं मांडून सोडतो. कट्ट्यावर बँकेतून रिटायर झालेले आहेत, शाळामास्तर आहेत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हयात गेलेले आहेत. सगळ्यांची पोरं पुण्यात, बेंगळुरात, नाहीतर त्याच्याही पलीकडं. आणि सगळ्यांना फोनवर तोच आग्रह: घर बंद करा नि इकडं या.

जाऊन आलोय की. पुण्यात मुलाचं घर छान आहे, सून जीव लावते, तक्रार कसलीच नाही. खरं लिफ्टनं खाली उतरल्यावर बोलायचं कुणाशी? वॉचमनला तरी रोज किती वेळा विचारणार, जेवलास काय म्हणून. इथं फाटकाबाहेर पडलो की दूधवाल्यापासून सुरुवात होते, नि पहिल्या रेल्वे गेटपर्यंत पोचेस्तोवर अर्ध्या गावाची खबर लागते. डेपोतल्या जुन्या झाडांखालून एक फेरी, मग गाड्यावर अर्धा-अर्धा चहा, घरी येऊन 'तरुण भारत'. १९१९ सालापासून निघणारा पेपर, आमच्याकडं आजोबांपासून येतो. सुनेला वाटतं मी बातम्या वाचतो. मी आधी निधनवार्ता वाचतो, मग बाकीचं. संध्याकाळी सार्वजनिक वाचनालय. १८४८ ची संस्था, म्हणजे देशात पहिली आगगाडी धावली त्याच्याही आधीची. तिथं मासिकं चाळत बसणाऱ्यांत बरेचजण माझ्याहून म्हातारे आहेत, ते बघून जरा धीर येतो.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, पेन्शनरांचं गाव म्हणायचे. हवा बदलली, गाड्या वाढल्या, तरी ते अजून पुरतं खोटं झालेलं नाही.

तर सांगा, तुम्हाला इथं काय धरून ठेवतं? आणि कशानं वाटतं की आता निघावं? गोड-गोड नको, खरं काय ते लिहा.

शहापूरची वहिनी

भाऊजी, तुमचा दिवस वाचला. फेरी, चहा, पेपर, झोप, वाचनालय. यात स्वयंपाक कुणी केला ते कुठं दिसलं नाही!

बायका रिटायर होत नाहीत, तेवढं तुमच्या कट्ट्यावर सांगा. सासऱ्यांचं पथ्य झालं, नवऱ्याचं झालं, आता माझंच पथ्य मी करते. तरीपण मला इथून हलायचं नाही, कारण माझी मजा साठीनंतरच सुरू झालीय. आमचं भजनी मंडळ आहे. दुपारी भांडी आवरली की देवळात जमायचं, टाळ घ्यायचे, हरिपाठ झाला की अर्धा तास नुसत्या गप्पा. त्या अर्ध्या तासासाठीच निम्म्या येतात, देव समजून घेतो.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बस. ११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाली नि आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट हातात पडायला लागलं. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आलो, गोकाकचा धबधबा बघितला, हुबळीला भाचीकडं जाऊन राहिले. लोक हसतात, फुकट मिळालं म्हणून म्हाताऱ्या हिंडतात म्हणे. हिंडतो की! उभा जन्म कुठं जायचं तर आधी घरात विचारायचं, मग पैसे मागायचे, मग कशाला जातेस ते सांगायचं. आता पिशवी उचलायची नि निघायचं.

कोल्हापूरला अंबाबाईला मात्र तिकीट पडतं.

निपाणकर

वहिनी, कोल्हापूरला थेट जाणाऱ्या गाडीत शक्ती चालत नाही, ती आंतरराज्य गाडी झाली. आमच्या बायका निपाणीपर्यंतची गाडी धरतात, तिथं उतरून पुढं महाराष्ट्राची एसटी. गुडघे धड असतील तर परवडतं. चढउतार दोनदा करावी लागते, आणि निपाणी स्टँडवर चढायची घाई बघितली तर तरणा माणूस पण मागं सरतो.

पुरुषांना कर्नाटकच्या बसमध्ये साठीनंतर २५ टक्के सवलत आहे, ती बरेचजण मागतच नाहीत. रेल्वेची सवलत मात्र गेली ती गेलीच. पुरुषांना साठीला ४० टक्के नि बायकांना ५८ व्या वर्षापासून ५० टक्के मिळायची. मार्च २०२० ला कोरोनात बंद केली. कोरोना गेला, सवलत परत आली नाही. पंढरपूरला मिरजेवरून रेल्वेनं जाणारे आमच्याकडचे वारकरी अजून हळहळतात.

माझं म्हणाल तर मी शेतातला माणूस. तंबाखूच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या गावात म्हातारपणी करमणूक काय, तर दुसऱ्याच्या शेतात उभं राहून त्याला सल्ले द्यायचे. कुणी ऐकत नाही. जातो खरं रोज.

पुण्यातली बेळगावकर

मी त्या 'पोरां'पैकी एक, म्हणजे आईला पुण्याला ये म्हणणारी. तुम्ही सगळे फार छान लिहिताय म्हणून मुद्दाम दुसरी बाजू लिहिते.

माझी आई अनगोळला एकटी असते. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरून पडली. रात्री. मोबाइल स्वयंपाकघरात, दार आतून बंद. सकाळी दूध घालणाऱ्या मावशींनी हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना उठवलं, तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्रभर ती थंड फरशीवर पडून होती आणि मला इथं पत्ता नव्हता.

दिवसा तुमच्यावर अख्ख्या गल्लीचं लक्ष असतं, मान्य. रात्री दहा ते सकाळी सहा कोण असतं? आम्ही 'या' म्हणतो ते हौसेनं नाही. आम्हाला झोप लागत नाही म्हणून म्हणतो.

आई बरी झाली, काठी घेऊन चालते, आणि अजूनही अनगोळलाच आहे. माझं ऐकलं असतं तर ती माझी आई कसली.

माजी सुभेदार

ताई, आपण लिहिलेलं वाचलं. वाईट वाटलं. उपाय लिहितो, लहान लहान आहेत पण आमच्या गावात चालू आहेत.

एक किल्ली शेजारी. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, पडदा पुरे. लोखंडी दांडा भिंतीत पक्का बसवून घेणे, प्लास्टिकचा नको. रात्री मोबाइल गळ्यात, चार्जिंगला नाही. आम्ही माजी सैनिक सकाळी सातच्या आत एकमेकांना मिस कॉल देतो. ज्याचा आला नाही त्याच्या दारात साडेसातला माणूस उभा. पहिल्यांदा लोक हसले, आता सिव्हिलियनपण मागतात.

मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली, रेजिमेंटल सेंटर बेळगावलाच, त्यामुळं आजूबाजूच्या गावांत आमची संख्या बरीच आहे. सोय होते. पण सगळ्यांचं एक दुखणं सारखं आहे, ते म्हणजे अंगठा. शेतात राबून रेषा पुसल्या, मशीन घेत नाही. पेन्शन संरक्षण खात्याच्या स्पर्श पोर्टलवर गेली, दरवर्षी हयात आहे म्हणून सिद्ध करायचं, आणि अंगठा म्हणतो हा माणूस तो नव्हेच. आता चेहरा दाखवून मोबाइलवर हयातीचा दाखला होतो. पोस्टमनपण घरी येऊन करतो, ७० रुपये घेतो. पोस्टात आधी सांगून ठेवणे. केंद्राच्या पेन्शनरांनी ऐंशी पार केली असेल तर ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत जायचं कारण नाही.

मागवाला

मी खासबागचा. चाळीस-पन्नास वर्षं माग चालवला, आधी हातमाग, मग यंत्रमाग. बायको कांड्या भरायची, मी धोटा बघायचो. पेन्शन नाही, फंड नाही, स्पर्श नाही. आमच्यासारख्यांचं पण कुणीतरी लिहावं म्हणून लिहितो, टायपिंग नातीचं.

संध्या सुरक्षा म्हणून राज्याची योजना आहे. ६५ च्या पुढच्यांना महिन्याला १२०० रुपये. विणकरांचं नाव त्या योजनेत धरलेलं आहे हे आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीत करायचा. मला मिळायला लागले, मग एक दिवस थांबले. का थांबले म्हणून एका कचेरीत गेलो तर कागद हातात दिला, सगळा कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं की. बाजारात, मागावर, सूतवाल्याशी आयुष्यभर बोललोय. वाचायला मात्र येत नाही, आमची शाळा मराठी. कागद घेऊन तीन दारं फिरलो. शेवटी नातीनं वाचला. आधार नि बँक खातं जोडायचं राहिलं होतं, एवढंच. त्या एवढ्याशासाठी उन्हाळा गेला.

मजेचं म्हणाल तर रंगपंचमी. बेळगावात धुळवड होऊन लोक आंघोळी करून बसतात, आमच्या शहापूर-वडगावात रंग पाच दिवसांनी. शहापूर सांगली संस्थानात होतं, संस्थान गेलं, राजे गेले, रंगाचा दिवस तेवढा आम्ही सोडला नाही. बेळगावची पोरं दोन्हीकडं खेळतात. मी आता दारात खुर्ची टाकून बसतो, तरी पोरं रंगवून जातात. दार लावून घेतलं असं मात्र अजून झालेलं नाही.

हुतात्मा चौक

मागवाल्यांचा अनुभव प्रत्येक घरात आहे. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं तेव्हा आम्ही शाळेत जायच्या वयाचे. तेव्हापासून एकाच आशेवर म्हातारे झालो. दर १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून गेलो, वडिलांच्या खांद्यावरून बघितलेली गर्दी आता नातवाच्या हाताला धरून बघतो. २००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. ते होईल तेव्हा होईल. पण १९८१ च्या राजभाषा कायद्याचा आधार घेऊन, जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद द्या, हे तर आपण किती वर्षं मागतोय. म्हाताऱ्या माणसाला पेन्शनीचा कागद त्याला वाचता येईल असा मिळावा यात राजकारण कसलं? आणि जे आपल्या…

*(पुढचा मजकूर काढला आहे.)*

संपादक

सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे आणि तो भरपूर पेटलेला आहे. इथं कागद, बस, गुडघे आणि भजन यावरच बोलूया. कुणा समाजाला उद्देशून काही लिहिलं तर काढलं जाईल. धन्यवाद.

गोकाकचा अण्णा

माझं मराठी जरा असंच, सांभाळून घ्या. घरी कन्नड, बेळगावात नोकरी झाली म्हणून मराठी आलं. कट्ट्यावर टिळकवाडीकर मला ओळखतात.

एक सांगू काय? ते कागद मला पण कळत नाहीत. आमच्या अव्वाला पेन्शनचं पत्र आलं, मी वाचून दाखवलं, तिनं विचारलं, हे कुठलं कन्नड? कचेरीतलं कन्नड बोलत कोण नाही. मी रेव्हेन्यूत नव्हतो, शाळेत होतो, मला पण दोनदा वाचावं लागलं. तेव्हा मागवाले, तुम्हाला कळलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. अक्षर येत असून न कळणारे आम्ही पण आहोत.

मी काय म्हणतो, आठवड्यातनं एकदा कुठंतरी बसूया. ज्याला जो कागद आलाय तो आणा. मी वाचतो, अर्थ सांगतो. माझ्याबरोबर अजून दोघं रिटायर मास्तर येतील. चहा तुमचा.

आणि भजनाचं लिहिलंय म्हणून लिहितो. आमच्याकडं पुरंदरदास म्हणतात, त्यात पण शेवटी विठ्ठलच येतो. वहिनींच्या मंडळात पुरुषांना घेत नसतील, तरी बाहेर बसून ऐकीन म्हणतो.

शहापूरची वहिनी

अण्णा, आत बसा. टाळ शिल्लक आहेत.

जांबोटीकडची

तुम्ही शहरातले लोक रात्री दहाची काळजी करता, आमच्याकडं पावसाळ्यात दुपारी दोनला पण तीच काळजी असते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला या. जांबोटी, कणकुंबी, आणि तिथून आत भीमगड अभयारण्यातल्या वाड्या. ओढा फुगला की रस्ता बंद, मोबाइलला रेंज नाही, आजारी माणसाला तिरडीसारखं बांधून खांद्यावरून पक्क्या रस्त्यापर्यंत आणायचं. अभयारण्यातल्या लोकांना सरकार पैसे देऊन बाहेर काढतंय. पोरं तयार आहेत, त्यांना शाळा पाहिजे, नोकरी पाहिजे, त्यांचं चुकत नाही. आजे मात्र विचारतात, देवाला कुठं ठेवायचं? गावाबाहेरच्या राईतला देव ट्रॅक्टरमध्ये घालून नेता येत नाही. यावर माझ्याकडं उत्तर नाही, कलेक्टरकडं पण नसणार.

खरं सुख विचारलं तर आमच्याएवढं कुणाला नाही, हेपण लिहिते. पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत अळंबी येतात. माझ्या सासूबाई, कमरेत वाकलेल्या, चष्मा नाही, तरी कुठल्या वारुळाजवळ उगवतात ते त्यांनाच ठाऊक. सुनांना जागा सांगत नाहीत. मला पण सांगितली नाही अजून! सकाळी ओटीत भरून आणतात, निवडायला कुणाला देत नाहीत, कुठली खायची नि कुठली टाकायची हे त्यांच्या नजरेवर चालतं. मग नाचणीची भाकरी नि अळंबीचं कालवण. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी भांडत नाही.

कार्तिकात काकड आरती असते. पहाटे थंडी मी म्हणते, तरी सगळी म्हातारी मंडळी घोंगडी पांघरून देवळात हजर. पोरांना वाटतं भक्ती. भक्ती आहेच, खरं त्या वयात पहाटे तीनला झोप उडालेलीच असते, मग अंथरुणात तळमळण्यापेक्षा देवळात जाऊन चार माणसांत बसलेलं काय वाईट? आरती झाली की शेकोटी, शेकोटीपाशी चहा, आणि काल कोण आलं नाही याची चौकशी. सुभेदारांचा मिस कॉल तो हाच, आमच्याकडं रेंज नाही म्हणून देवळातनं देतो.

मग हिवाळ्यात पारायण. सात दिवस गाव एका पंगतीला. मुंबईत नि गोव्यात कामाला असलेली पोरं तेव्हा येतात, दिवाळीला नाही आली तरी चालतं, पारायणाला यायलाच पाहिजे. आई-बाप जिवंत आहेत तोवर येतील. पुढचं बघू.

रिटायर बाई

शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं, आता मुलं रस्त्यात भेटली की पाया पडतात आणि मला नाव आठवत नाही. असो.

मला एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. हे गेले आणि त्या संक्रांतीपासून माझी हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. ज्या घरांत मी वर्षानुवर्षं जात होते त्यांनीच, 'बाईंना उगीच वाईट वाटायला नको' म्हणून बोलावलं नाही. भिशीला बोलवायचे, वाढदिवसाला बोलवायचे, त्या एका दिवशी नाही. साठीनंतर बाईच्या वाट्याला असला एकटेपणा येतो, त्याचा उल्लेख तुमच्या कट्ट्यावर होणार नाही.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. निपाणीपलीकडं काही अंतरावरचं गाव. ती बातमी कापून मी सोसायटीच्या फलकावर लावली. नुसती लावली, कुणाशी बोलले नाही. पुढच्या संक्रांतीला मीच माझ्या घरी बोलावलं, सगळ्यांना, नवरा असलेल्या-नसलेल्या, लग्न न केलेल्यासुद्धा. वाण म्हणून रोपं दिली. दोघी-तिघी आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांतल्या एक आजी, ऐंशीच्या, कुंकू लावताना माझा हात धरून ठेवला त्यांनी. बराच वेळ सोडला नाही.

कोर्टातला जुना कारकून

बाई, पुढच्या संक्रांतीला आमच्या घरातूनही येतील.

मला कुणीतरी घर-जमिनीबद्दल विचारेल असं वाटत होतं, कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना विचारायचंय पण लाज वाटते. मीच लिहितो, कारण नोकरीत असताना रडणारे आई-बाप मी पुष्कळ बघितले.

पोरं म्हणतात, बाबा, आत्ताच नावावर करून टाका, नंतर भानगड नको. बाप भोळा, बक्षीसपत्र करून देतो. वर्षभरात त्याच घरात त्याची खाट व्हरांड्यात येते. म्हणून ऐका. बक्षीसपत्र सहजासहजी परत घेता येत नाही. मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, त्याला दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, केलेलं बरं. बक्षीसपत्र करायचंच झालं तर 'सांभाळ करीन या अटीवर' हे वाक्य त्यात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा केंद्राचा कायदा आहे, त्याचं कलम २३ या अटीवर चालतं. सांभाळलं नाही तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. पोटगीसाठी पण अर्ज करता येतो, कायद्यात महिन्याला दहा हजारांपर्यंतची मर्यादा आहे.

अर्ज असिस्टंट कमिशनरच्या कचेरीत. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल नि चिकोडी अशी तीन ठिकाणं आहेत. वकील लागत नाही, त्या कायद्यात वकिलाला मज्जावच केलाय. आणि कुणाला कचेरीपर्यंत जाणं होत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर आहे, फुकट आहे.

माझा स्वतःचा सल्ला विचाराल, कायद्याचा नव्हे, तर घर आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर करू नका. पोरगा कितीही चांगला असो. चांगला आहे तर त्याला घाई कशाची?

पुण्यातली बेळगावकर

काका, मी आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, कोर्टातले पण म्हणतात घर सोडू नका." मुद्दा तो नव्हता, पण तिला पाहिजे तो तिनं काढला.

गोड खाणारा

एवढी गंभीर चर्चा चालू असताना विचारू नये, खरं कुणीच खाण्याचं लिहिलं नाही म्हणून राहवत नाही. शुगर आहे, गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात कुंदा बंद. बेळगावात राहून कुंदा बंद म्हणजे काय ते त्यांना कळत नसेल, ते बाहेरचे आहेत.

पावसाळ्यात अलेपाक मात्र मी औषध म्हणून खातो. आलं आहे त्यात. बायकोला हे पटत नाही.

आणि मांडे. पूर्वी लग्नात मांडे असायचेच. हातावर फिरवून फिरवून पातळ करायचा, उलट्या भांड्यावर टाकायचा, आत पिठीसाखर, तूप, आणि कागदासारखी घडी. करणाऱ्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही सत्तरीच्या. विकत मिळतात, डब्यात घालून पुण्या-मुंबईला जातात. माझ्या आत्याच्या हातचा मांडा डब्यापर्यंत टिकायचाच नाही. तिनं कुणाला शिकवला नाही आणि आम्ही कुणी शिकायला गेलो नाही, खायला मात्र सगळे गेलो.

निपाणकर

शुगरवाल्यांनी रताळं पण जपून खा. बेळगावी रताळं उपासाला म्हणून एकादशीला दुप्पट खाणारे माझ्या ओळखीत आहेत.

सातासमुद्रापलीकडे

मी कॅनडातून वाचतोय. वडगावचा. मंगाई देवीची यात्रा आषाढात असते ना? आमचे आजोबा यात्रेआधी वार पाळायचे, त्या दिवशी शेतात जायचं नाही, औताला हात लावायचा नाही. अजून पाळतात का कुणी?

मागवाला

पाळतात की. शेतं कमी झाली, प्लॉट पडले, तरी वार पाळतात. ज्यांच्याकडं शेत उरलं नाही तेपण पाळतात.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे आभार. मी दोन ओळींची उत्तरं येतील म्हणून लिहिलं होतं.

वहिनींचं बरोबर आहे, स्वयंपाकाचं लिहायचं सुटलं नव्हतं, ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. घरी हा धागा वाचून दाखवला, त्यानंतर दुपारचा चहा मी करतोय.

आता कामाचं. अण्णांची कल्पना कट्ट्यावर मांडली, सगळ्यांना पटली. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाचा सभामंडप मिळतोय, पंख्याची सोय आहे, पायऱ्या दोनच आहेत. अण्णा नि त्यांचे दोन मास्तर कन्नड कागद वाचणार, कारकूनसाहेब उतारे, घरपट्टी आणि वारसाची कागदपत्रं बघणार, सुभेदारांच्या ओळखीचा मुलगा हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइल घेऊन बसेल. शिवाय कट्ट्यावरच्या एकाची नात कन्नड माध्यमात आठवीला आहे. तिला आजोबांचं मराठी वाचता येत नाही आणि आजोबांना तिचं कन्नड. तीपण येईल, अर्ज भरायला हात लागतोच, आणि आजोबा तिला बाराखडी शिकवणार आहेत, असं ते म्हणतात. बघू कोण कुणाला शिकवतं ते.

येताना कागद आणा, झेरॉक्स आणा, चष्मा विसरू नका. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. जांबोटीकडच्या ताईंनी खानापूरपर्यंत कागद पाठवले तर तिथून आणायची व्यवस्था निपाणकर नव्हे, दुसरे कुणीतरी करतील, ते उलट्या दिशेला आहेत.

रविवारी सकाळी दहाला ठेवूया.

माजी सुभेदार

हजर राहीन. साडेनऊ.

गोकाकचा अण्णा

मी येतो. मास्तरांपैकी एकाला ऐकू कमी येतं, त्यांच्या उजव्या बाजूला बसा.

मागवाला

घरपट्टीची नोटीस आलीय, ती आणतो. आमच्या गल्लीतले अजून चौघं येतील, चालतील काय?

शहापूरची वहिनी

चालतील हो, पण रविवारी नको. रविवारी आमचं भजन असतं आणि अण्णांना आम्ही आत घेतलंय आता. शनिवारी ठेवा.